मातीची गाडी आणि तिचे छायाचित्र

जुन्या बाजारात एखादी वस्तू विकत न घेता तिचे केवळ छायाचित्र काढणे ह्या कृतीत काही नैतिक प्रश्न असावा, असे सहसा कोणाला वाटत नाही. वस्तू जागच्या जागी राहते, विक्रेत्याच्या मालात घट होत नाही, गिऱ्हाइकाचाही खोळंबा होत नाही. सोलापूरच्या मंगळवार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात पत्र्याची मोटार, किल्लीचे माकड, एक हात गळालेली बाहुली, किल्ली हरवलेले कुलूप अशा मांडणीपुढे गुडघा टेकून बसलेला छायाचित्रकार हे दृश्य आता नवे नाही. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यापासून तर छायाचित्रकार हा वेगळा ओळखू येणारा माणूसही राहिलेला नाही. तरीही ह्या कृतीपाशी थोडे थांबले, तर वस्तू, तिचे मूल्य आणि तिचे दर्शन यांच्या परस्परसंबंधाविषयीचा एक जुना प्रश्न तिच्यात पुन्हा उभा राहिलेला दिसतो. साहित्यविचाराला तो परका नाही. अडगळीतून उचललेल्या वस्तूवर स्मृतीचा मुलामा चढवून तिची प्रतिमा करणे हा मराठी ललित निबंधाचा तर जवळजवळ वंशपरंपरागत व्यवसाय होऊन बसला आहे. कॅमेऱ्याने तो अधिक जलद केला, एवढेच.

बाजाराला स्वतःची एक नीती असते आणि ती कोठे लिहिलेली नसली तरी सर्वांना ठाऊक असते. भाव विचारणे ही तेथे निरर्थक क्रिया नव्हे. भाव विचारला की विचारणारा अर्धा बांधला जातो. सांगितलेल्या आकड्याला काही उत्तर देणे, निदान मान हलवून नकार देणे, हे त्याचे कर्तव्य ठरते. दिवसाची भवानी होण्यापूर्वी वस्तू हाताळून, भाव पाडून काही न घेता निघून जाणाऱ्यावर विक्रेता मनोमन चरफडतो. घासाघीस वरवर भांडणासारखी दिसते. तिच्यात एकमेकांच्या गरजेची कबुली असते. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू ज्या शहराच्या रस्त्यावर शेजारी शेजारी ऐकू येतात, त्या सोलापुरात तर एकाच वस्तूचा भाव दोन भाषांच्या पायऱ्यांवरून खाली उतरू शकतो. छायाचित्रकार ह्या व्यवहाराच्या बाहेर राहतो. भाव विचारण्याचे त्याला कारणच नसते. नुसत्या बघ्याला बाजार आक्षेप घेत नाही, कारण मांडलेला माल पाहण्याचे आमंत्रण देतच असतो. पण बघ्याची नजर पाहून संपते. छायाचित्रकाराची नजर मात्र स्वतःच एक वस्तू बनते, आणि ती प्रदर्शनात, पुस्तकात, दिनदर्शिकेवर किंवा पडद्यावर आपली वेगळी किंमत घेऊन फिरू लागते. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. मोटारीचा पत्रा वाकवणारा, बाहुलीचे डोळे रंगवणारा आणि ती दोन्ही दिवसभर उन्हात राखत बसणारा यांच्यापैकी कोणीही त्या कर्तृत्वात भागीदार नसतो. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

परवानगी घेतली की प्रश्न मिटतो, असे उत्तर ह्यावर हमखास दिले जाते. परवानगी आवश्यक आहे ह्यात वाद नाही. परंतु पथारीवरचा विक्रेता जेव्हा ‘काढा की’ म्हणतो, तेव्हा त्या होकारात सौजन्य असते, थोडी विक्रीची आशाही असते, आणि नाही म्हणण्याचे कारण चटकन न सुचणेही असते. शिवाय वस्तूवरील त्याचा अधिकार अगदी अलीकडचा आहे. त्या खेळण्यात कोणा अनाम कारागिराचे काम आणि कोणा अनाम मुलाची वर्षे साठलेली आहेत. त्यांच्या वतीने परवानगी देण्याची पात्रता विक्रेत्याजवळ नसते आणि तो तसा दावाही करीत नाही. म्हणजे परवानगीने छायाचित्रकार आणि विक्रेता यांच्यातील हिशोब काही अंशी पुरा होतो. छायाचित्रकार आणि खेळणे यांच्यातला राहतोच.

खेळणे तेथवर येते कसे, हे पाहिल्याखेरीज हा दुसरा हिशोब मांडता येणार नाही. मराठी घरातून वस्तू बाहेर पडण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. जुनेर बोहारणीकडे जाते आणि त्याच्या बदल्यात भांडे घरात येते. कागद रद्दीवाल्याकडे जातो, लोखंड-पितळ मोडीत जाते. खेळणे ह्यांपैकी कोणत्याही वाटेने सहजी जात नाही. मोड म्हणून त्याला फारशी किंमत नसते आणि टाकून द्यायला हात धजत नाही, म्हणून ते माळ्यावर चढते. ते खाली उतरते ते बहुधा घरच मोडते तेव्हा: वाटणीत, स्थलांतरात, म्हाताऱ्या माणसाच्या पश्चात, किंवा वाड्याच्या जागी इमारत उभी राहू लागली की. सोलापूरला ह्या मोडण्याचा इतिहास आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढे आणखी गिरण्या निघाल्यावर ती ‘जुनी मिल’ ह्याच नावाने ओळखली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातील मोठ्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आता पथारीवरच्या प्रत्येक बाहुलीमागे बंद पडलेली गिरणी शोधणे हा भाबडेपणा ठरेल. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यात आईबापांनी हट्टापायी घेऊन दिलेली आणि आठवड्यात मोडलेली खेळणीही ह्या अडगळीत असणारच. परंतु कोणते खेळणे कोठून आले हे पथारीवर कळत नाही, आणि नेमक्या ह्या न कळण्याचाच छायाचित्राला मोह पडतो. ज्याचा पूर्वेतिहास हरवलेला आहे त्याला हवा तो इतिहास देता येतो.

‘अडगळ’ हा शब्द भालचंद्र नेमाडे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू’ ह्या कादंबरीच्या उपशीर्षकात घेऊन त्याला ‘समृद्ध’ हे विशेषण जोडले, तेव्हापासून मराठी समीक्षेत त्याला एक प्रतिष्ठा आली. ती उचित आहे. पण अडगळ समृद्ध असते ती तिच्यात राहणाऱ्याला. तिच्याकडे बाहेरून येणाऱ्याला ती चित्रविचित्र दिसते, आणि समृद्धी व चित्रविचित्रता यांत अंतर आहे. फ्रान्समधील अतिवास्तववाद्यांना हे अंतर ओलांडण्याची घाई होती. आंद्रे ब्रतों याच्या १९२८ मधील ‘नाद्जा’मध्ये पॅरिसजवळच्या सँ-वाँ येथील जुन्या बाजाराचा फेरफटका आहे आणि तेथे सापडलेल्या एका अगम्य वस्तूचे छायाचित्रही आहे. वस्तू जितकी निरुपयोगी आणि अनाकलनीय, तितकी ती त्याच्या दृष्टीने बोलकी. सुझन सॉन्टॅग यांनी १९७७ मधील आपल्या छायाचित्रणविषयक ग्रंथात छायाचित्र ही मुळातच अतिवास्तववादी कला आहे असे प्रतिपादन केले, त्याचाही रोख असाच आहे: कोणतीही वस्तू तिच्या संदर्भातून तोडली की ती सापडलेली वस्तू होते. पथारीवरच्या विक्रेत्याला ती ‘सापडलेली’ नसते, हे मात्र ह्या सिद्धांतात राहून जाते. त्याने ती वजनावर किंवा नगावर विकत घेतलेली असते.

ह्या संदर्भात एक संस्कृत नाटक अनेक आधुनिक सिद्धांतांपेक्षा अधिक उपयोगी ठरते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे नावच मुळी एका खेळण्यावरून आलेले आहे, आणि गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे मराठी रसिकाला त्याची कथा नव्याने सांगण्याची गरज नाही. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला आहे. ती परत गेल्यावर दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते आणि तो रडू लागतो. वसंतसेना त्याला जवळ घेते. ही आपली आई असेल तर अंगावर दागिने कसे, असा प्रश्न ते मूल विचारते. ती दागिने उतरवते आणि सोन्याची गाडी करण्यासाठी मातीच्या गाडीत भरते. समीक्षेने ह्या प्रसंगाकडे वात्सल्य आणि औदार्य म्हणून पुष्कळदा पाहिले आहे. त्यात गाडीचे काय होते, याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. दागिने भरले जाताच मातीची गाडी खेळणे म्हणून संपते. ती आता पात्र आहे, भांडे आहे. तिच्यात काहीतरी ठेवलेले आहे. आणि जे मूल्य खेळण्यात बाहेरून भरले गेले, तेच पुढे न्यायालयात विदूषकाच्या काखेतून खाली पडते आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरते. खेळण्यात भरलेले मूल्य निष्पाप राहत नाही, ही जाणीव शूद्रकाच्या रचनेत गाठीसारखी बसवलेली आहे.

पथारीवरील खेळण्याचे छायाचित्र काढणाराही त्याच्यात काही भरत असतो: दुर्मिळता, बालपण, गेलेला काळ. वसंतसेनेत आणि त्याच्यात एक मोठा फरक आहे. तिने स्वतःच्या अंगावरचे उतरवून दिले. त्याच्या अंगावरचे काहीच उतरत नाही. तो जे भरतो ते त्याला फुकट मिळालेले असते, आणि जे भरलेले असते ते छायाचित्रातच राहते, गाडीत नाही. संध्याकाळी पथारी गुंडाळताना विक्रेत्याच्या पोत्यात जाते ती मातीचीच गाडी.

हे भरणे तंत्रदृष्ट्या कसे घडते, हेही पाहण्यासारखे आहे, कारण नीतीचा प्रश्न येथे तंत्रात उतरलेला आहे. अशा छायाचित्रांची रूढ पद्धत म्हणजे जवळून घेतलेली चौकट आणि भिंगाचे छिद्र मोठे ठेवून धूसर केलेली पार्श्वभूमी. मोटारीचा पुढचा दिवा आणि उडालेला रंग स्पष्ट. शेजारचे पाने, मोबाइलचे चार्जर, बिनझाकणाचा डबा, विक्रेत्याचे गुडघे हे सर्व रंगांच्या सौम्य डागांत विरघळलेले. रोमान याकोब्सन यांनी १९५६ मध्ये भाषाव्यापाराचे जे दोन अक्ष सांगितले, त्यांच्या परिभाषेत बोलायचे तर पथारी ही सन्निधीच्या अक्षावर रचलेली असते. तेथे बाहुलीचा अर्थ तिच्या शेजारच्या वस्तूंमुळे ठरतो: ती पान्याजवळ आहे, म्हणजे तीही लोखंडासारखीच एक नग आहे, ती डब्यात आहे, म्हणजे डब्यासकट जाईल. धूसर पार्श्वभूमी हे शेजार पुसते आणि बाहुलीला साधर्म्याच्या अक्षावर नेऊन बसवते. ती आता गेलेल्या बाल्याचे रूपक होते. मराठीत ज्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतात ते बहुतेक वेळा ह्याच अक्षबदलाचे फळ असते. रूपक करणे हा गुन्हा नव्हे. पण कोणाचे बाल्य, हा प्रश्न विचारला की अडचण सुरू होते. रोलाँ बार्त यांनी १९८० मधील आपल्या ग्रंथात आईच्या लहानपणीच्या छायाचित्रावर पानेच्या पाने लिहिली आणि ते छायाचित्र मात्र छापले नाही, कारण इतरांना ते एक सामान्य चित्र वाटले असते. जिव्हाळ्याची ही मर्यादा त्यांनी पाळली. परक्या मुलाची बाहुली सर्वांच्या बालपणाची म्हणून दाखवणाऱ्या छायाचित्रात ती मर्यादा उरत नाही. ते मूल ह्या ‘सर्वां’त कधी धरले गेले होते काय, हे विचारायला कोणी जागेवर नसते.

अशा पथारीवर पुष्कळदा जुनी चौकटबंद छायाचित्रेही असतात. स्टुडिओत उभे राहिलेले कोणी नवरा-बायको, टोपी घातलेला मुलगा. ती विकली जातात ती चौकटीच्या लाकडाच्या आणि काचेच्या भावाने. छायाचित्र वस्तूला काळापासून वाचवते असे मानणाऱ्याने हा भाव एकदा विचारून पाहावा.

संग्राहकाची बाजू येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी अडकित्ते, दिवे, वज्री, भांडी आणि खेळणी अशा नित्याच्या वापरातील वस्तू आयुष्यभर जमवल्या. लहान वयात गेलेल्या राजा ह्या मुलाच्या नावाने पुण्यात १९६२ मध्ये संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्राहक भाव विचारतो, पैसे मोजतो, वस्तूची जबाबदारी घेतो. बाजाराच्या नीतीत तो पूर्ण बसतो. पण तो वस्तूला बाजारातून कायमचे बाहेरही काढतो. एका मुलाच्या स्मृतीला वाहिलेल्या त्या वास्तूतील खेळण्याला पुन्हा कोणा मुलाचा हात लागणार नाही. बोदलेर याने १८५३ मधील खेळण्यांविषयीच्या निबंधात, मूल खेळणे मोडते ते त्याच्या आतला जीव पाहण्यासाठी, असा विचार मांडला होता. (छायाचित्रणावर १८५९ मध्ये तुटून पडला तोही हाच बोदलेर, दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.) संग्रहालयात खेळणे मोडत नाही, म्हणून ते खेळणे राहत नाही. संग्रह निरर्थक आहे असा ह्याचा अर्थ नाही. केळकरांचा संग्रह नसता तर सामान्य घरांतील कारागिरीचे ज्ञान कितीतरी उणे राहिले असते. जतनाची किंमत काय पडते, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

ह्या पार्श्वभूमीवर छायाचित्रकाराच्या बाजूने एक गोष्ट म्हणता येते, आणि ती थोडी नाही. तो वस्तू तेथेच ठेवून जातो. त्याच्या जाण्यानंतर दहा मिनिटांनी एखादा बाप ती पत्र्याची मोटार मुलासाठी उचलू शकतो; चाक तिरके असले तरी ती चालते. छायाचित्रकाराचे न घेणे, जे बाजाराच्या नीतीत उणे ठरले, ते खेळण्याच्या दृष्टीने अधिक ठरू शकते. अर्थात ही सद्गती त्याने मुद्दाम दिलेली नसते, आणि आपण वस्तू ‘वाचवली’ असे तो म्हणू लागला की हे पुण्यही जाते. वाचवणे हा शब्दच येथे खोटा आहे. कागदावर किंवा पडद्यावर वस्तूचे रूप राहते. वजन, किल्ली फिरवतानाचा ताण, पत्र्याची कड बोटाला लागणे यांतले काहीच राहत नाही, आणि खेळणे मुख्यतः ह्या गोष्टींचेच बनलेले असते. बार्त यांनीच १९५७ मध्ये प्लास्टिकच्या खेळण्यांविरुद्ध आणि लाकडाच्या बाजूने लिहिताना स्पर्शाचा हा मुद्दा मांडला होता.

मग वाचवल्याचा दावा न करणारे छायाचित्र कसे असेल? वाल्टर बेन्यामिन १९२६ च्या डिसेंबरात मॉस्कोला गेला आणि जवळजवळ दोन महिने राहिला. खेळण्यांचा तो चाहता आणि संग्राहक. तेथील खेळण्यांच्या संग्रहालयातील वस्तूंची छायाचित्रे त्याने करवून घेतली, त्यांना टिपणे जोडली, आणि १९३० मध्ये रशियन खेळण्यांवरील त्याचा लेख छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. त्या लेखात स्मरणरंजन जवळजवळ नाही. खेळणे कोणत्या द्रव्याचे, कोणत्या प्रदेशातले, ते करणारे हात कोणते, यांत त्याला रस आहे. पुढच्याच वर्षी छायाचित्रणाच्या इतिहासावर लिहिताना, छायाचित्राखालची ओळ हाच यापुढे त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग होईल काय, असा प्रश्न त्याने केला. पथारीवरच्या छायाचित्राला हा प्रश्न नेमका लागू पडतो. ‘हरवलेले बालपण’ ही ओळ दागिन्यासारखी आहे; ती कोणत्याही गाडीत भरता येते. ‘पत्रा, किल्ली नाही, मंगळवार बाजार, सांगितलेला भाव अमुक’ ही ओळ रूक्ष आहे. पण ती लिहिण्यासाठी भाव विचारावा लागतो, आणि भाव विचारला की छायाचित्रकार त्या व्यवहाराच्या आत येतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो सहज बाजूला सारता येणार नाही. संदर्भ राखायचा म्हणजे विक्रेत्याला चौकटीत घ्यायचे काय? रस्त्यावर बसणाऱ्याला आपला चेहरा प्रसिद्ध होणे नेहमीच मानवेल असे नाही. अतिक्रमणाच्या कारवाईची टांगती तलवार असते. गावाकडच्या नातलगांना व्यवसाय सांगितलेला नसतो. आणि गरिबीचे चित्रमय दर्शन हा धूसर पार्श्वभूमीहूनही ओंगळ प्रकार आहे. चेहऱ्याचा आग्रह म्हणूनच धरता येत नाही. जमीन, पथारीचे कापड, शेजारची वस्तू, फार तर एक हात, एवढे राहिले तरी सन्निधी टिकते. छायाचित्राबद्दल विक्रेत्याच्या हातावर काही पैसे ठेवणे हा दुसरा सुचवला जाणारा उपाय. त्याने त्याचा त्या दिवसाचा फायदा होईल, आणि तो तुच्छ मानण्याचा अधिकार पोट भरलेल्या समीक्षेला नाही. तरीही ती भवानी होत नाही. माल पोत्यातच राहतो.

खरी अडचण त्याहून पुढे आहे. छायाचित्रांमुळे जुन्या खेळण्यांना मागणी आली, बाहेरगावचे व्यापारी पथारीपर्यंत पोचले आणि पत्र्याच्या मोटारीचा भाव चढला, तर विक्रेत्याला न्याय मिळेल. ह्याच जिल्ह्यातील पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईतील एका फर्निचरच्या दुकानासाठी खेळणी केली होती. त्या खेळण्यांना आज जे मोल आहे ते त्यांच्यामागील नावाचे आहे. अनाम मोटारीला थोडे मोल छायाचित्राने मिळवून दिले तर तक्रार कसली? परंतु ज्या क्षणी ती ‘दुर्मिळ’ ठरते, त्या क्षणी जुन्या बाजारातूनच खेळणे घेऊ शकणाऱ्या मुलाच्या आवाक्याबाहेर ती जाते. विक्रेत्याला न्याय आणि खेळण्याला न्याय ह्या दोन गोष्टी येथे एका दिशेने जात नाहीत, आणि छायाचित्रकाराला त्यांतली एक तरी नकळत निवडावीच लागते. रोहसेनाच्या बाबतीत नाटककाराने ही निवड टाळलेली दिसते. दहाव्या अंकात वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्या बापाला भेटायला तो मुलगा येतो; दागिन्यांचा हिशोब लागतो, चारुदत्त सुटतो, वसंतसेनेला प्रतिष्ठा मिळते. मातीची गाडी कोठे आहे, हे त्या अंकात कोणी विचारीत नाही.